ताप कुठे, दोष कुठे

मे महिन्यात दुपारी तीन वाजता अकोल्यात रस्त्यावर माणूस दिसत नाही. अशा वेळी माझी भाची दुकानात शिरली. डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळलेली आणि हातात रुमालात बांधलेलं काहीतरी. रुमाल काउंटरवर सोडत ती म्हणाली, "आत्या, हा हातात धरवतच नाही गं. वीस मिनिटं खेळलं की भाजतो, मग बंद पडतो. ताप उन्हाचा आहे की माझंच काही चुकलंय?"

रुमालात तिनं स्वतः बनवलेला हातातला व्हिडिओ गेम होता. भाची पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिनं हा गेम जुळवला, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी आळीपाळीनं खेळून पाहिला होता. आता त्याच्या प्लॅस्टिकच्या खोक्याचा खालचा उजवा कोपरा मेणासारखा आत बसला होता.

मी आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा ट्रेड केला. सव्वीस वर्षं झाली, दुरुस्तीचं दुकान चालवते. आधी पिक्चर ट्यूबचे टीव्ही, मग सेट टॉप बॉक्स, आता एलईडी टीव्ही आणि इंडक्शन शेगड्या. आमच्या धंद्यात सर्किट बोर्डाला 'किट' म्हणतात. तापणारं किट ही आमच्याकडे रोजची तक्रार आहे. वस्तू बदलत गेल्या, पण तापाचं कारण शोधायची रीत तीच राहिली. ती रीत घरात एखादं पोर काही जुळवत बसत असेल, तर आईवडिलांनाही माहीत असावी, म्हणून हे लिहिते आहे.

खोक्यात काय काय होतं

या गेमचा मेंदू म्हणजे रास्पबेरी पाय झीरो टू डब्ल्यू नावाचा छोटा संगणक. ६५ मिलिमीटर लांब आणि ३० मिलिमीटर रुंद, म्हणजे काडेपेटीपेक्षा थोडा मोठा. २०२१ साली तो बाजारात आला. त्याला पावणेतीन इंची रंगीत पडदा, झीरो पीसीबीवर, म्हणजे भोकाभोकांच्या कोऱ्या बोर्डावर बसवलेली बटणं, एक छोटा ॲम्प्लिफायर आणि स्पीकर जोडलेला. वीज देणारा लिथियमचा एक सेल, १८६५० मापाचा, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. तो भरण्यासाठी नखाएवढं चार्जिंग किट. सेलचे ३.७ व्होल्ट चढवून संगणकाला लागणारे ५ व्होल्ट करणारं आणखी एक किट, त्याला बूस्ट कन्व्हर्टर म्हणतात. खोकं थ्रीडी प्रिंटरवर काढलेलं.

भाचीनं तिच्या परीनं उपाय केले होते. प्रोसेसरवर उष्णता हवेत सोडणारा ॲल्युमिनियमचा हीटसिंक चिकटवला, खोक्याला मागून भोकं पाडली, प्रोसेसरचा वेगही कमी केला. तरी ताप तसाच.

"प्रोसेसरचं तापमान किती दाखवतो?" मी विचारलं.

"जास्तीत जास्त ७१."

हा प्रोसेसर ८० अंशांपर्यंत काम करतो. त्यापुढे गेला तर स्वतःच वेग कमी करून स्वतःला सांभाळतो. म्हणजे ७१ अंशांवर तो आपल्या मर्यादेत होता. सगळे उपाय मात्र त्याच्यावरच झाले होते. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा हा प्रकार. यात भाचीची चूक नाही. संगणक तापतो म्हणजे प्रोसेसर तापतो, असं आपण सगळेच धरून चालतो.

उष्णता म्हणजे हिशेबात न बसलेली वीज

उष्णता किटमध्ये आपोआप तयार होत नाही. व्होल्टला अँपिअरनं गुणलं की वॅट मिळतात. आत गेलेल्या वॅटपैकी थोडा भाग पडद्याचा उजेड आणि स्पीकरचा आवाज होऊन बाहेर येतो, बाकी जवळजवळ सगळ्याची उष्णता होते. म्हणून तापाचा शोध म्हणजे वॅटांचा हिशेब. इतकी वीज आत गेली, इतकी कामाला लागली, मग उरलेली कुठे मुरली?

दुसरा नियम जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञानं १८४० च्या सुमारास प्रयोगानं दाखवला. तारेतून जाणारा प्रवाह दुप्पट झाला, तर तिच्यात होणारी उष्णता दुप्पट नाही, चौपट होते. प्रवाह थोडासा वाढला तरी बारीक तार, सैल जोड, हलका स्विच एकदम का तापतो, ते या नियमात आहे.

काही वाचकांना निन्टेन्डोचा गेम बॉय आठवत असेल. तो १९८९ साली आला. पेन्सिल सेल चार, प्रोसेसरचा वेग ४ मेगाहर्ट्झच्या आसपास, पडदा हिरवट आणि त्याच्या मागे दिवाच नाही. त्याला लागत होती एक वॅटपेक्षाही कमी वीज. तो तापणार कसा? भाचीच्या यंत्रातल्या प्रोसेसरचा वेग १,००० मेगाहर्ट्झ, त्यात अशी चार केंद्रं, वर उजळ रंगीत पडदा. याला अडीच-तीन वॅट लागणार, ते साहजिकच आहे. हाताला कोमट लागेल, इतपत ठीक. भाजेल इतकं नाही.

आधी विचारपूस

स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी मी गिऱ्हाइकाशी बोलते. वैद्य नाडी बघण्याआधी विचारतो, तसंच.

"हे तापायला लागलं कधीपासून?"

"मार्चपासून. उन्हाळा लागला म्हणून असेल असं वाटलं."

"दिवाळीनंतर यात नवीन काय बसवलंस?"

"तापण्याशी संबंध असलेलं काहीच नाही."

"संबंध मी बघते. तू फक्त बदल सांग."

"आधी आवाज नव्हता. फेब्रुवारीच्या शेवटी ॲम्प्लिफायर आणि स्पीकर लावला."

"चार्जिंगला लावून खेळतेस?"

"हो, पण एक गंमत आहे आत्या. चार्जिंगला लावलेला असला तरी खेळता खेळता बॅटरी उतरतच जाते."

ही शेवटची ओळ मी वहीत लिहून घेतली. चार्जर एक अँपिअर देत असताना सेल उतरतो, याचा अर्थ आतला खर्च एक अँपिअरपेक्षा मोठा आहे. एवढ्या लहान यंत्राला एवढा खर्च कशाला? मीटर न लावता निम्मा शोध लागला होता. दुरुस्ती शिकणाऱ्या मुलांना मी नेहमी सांगते: शेवटचा बदल कोणता, हे आधी विचारा. ज्याला सांगणारा 'त्याचा काही संबंध नाही' म्हणतो, तो बदल आधी तपासा.

सेल काढून ठेवा

खोकं उघडल्यावर पहिलं काम म्हणजे सेल काढून बाजूला ठेवणं. लिथियम सेलमध्ये ताकद मोठी असते. शॉर्ट झाला, ठेचला गेला किंवा फार तापला, तर तो पेट घेऊ शकतो, आणि ती आग फुंकरीनं विझणारी नसते. पूर्ण भरलेल्या सेलवर ४.२ व्होल्ट असतात, त्याहून जास्त कधीही भरू नये. ४५ अंशांपेक्षा गरम सेलला चार्जिंग लावू नये. फुगलेला, गळणारा, वेष्टन फाटलेला सेल पुन्हा वापरू नये. माझ्या बाकाखाली वाळूची बादली कायम असते. घरी हे काम करणाऱ्या मुलांनीही ती ठेवावी आणि चार्जिंगला लावलेली वस्तू रात्रभर गादीवर ठेवू नये. भाचीच्या सेलवर ३.६ व्होल्ट होते आणि वेष्टन धड होतं. मी तो मातीच्या पणतीत घालून लांब ठेवला.

सेलच्या जागी मी बाकावरचा पॉवर सप्लाय जोडला. यात व्होल्ट हवे तेवढे ठेवता येतात आणि प्रवाहावर हद्द घालता येते. जुन्या टीव्हीच्या काळात हेच काम आम्ही सिरीज बल्बनं करायचो. घरच्या विजेच्या वाटेत शंभर वॅटचा बल्ब ठेवून किट सुरू करायचं. बल्ब भसकन पेटला की किटमध्ये शॉर्ट आहे समजायचं, आणि बल्बनं प्रवाह अडवल्यामुळे किट जळायचं नाही. रीत तीच: किटला एकदम पूर्ण वीज देऊ नका, हद्द घालून द्या.

सप्लाय ३.७ व्होल्टवर, हद्द दोन अँपिअर. गेम सुरू केला. आकडा आला १.३१ अँपिअर. ३.७ गुणिले १.३१, म्हणजे ४.८५ वॅट.

आता असायला किती हवा होता? कागदावर बेरीज मांडली. खेळ चालू असताना संगणकाला ५ व्होल्टवर साधारण ०.३५ अँपिअर, पडद्याला ०.१, गप्प असलेल्या ॲम्प्लिफायरला फार तर ०.०२. एकूण ०.४७ अँपिअर, म्हणजे २.३५ वॅट. बूस्ट कन्व्हर्टर वाटेत दहा-बारा टक्के खातो, तो धरून पावणेतीनच्या आत. प्रत्यक्षात जात होते पावणेपाचच्या वर. दोन वॅट कुठेतरी मुरत होते.

मग तापमान घेतलं. माझ्या मीटरला तापमान मोजणारी बारीक तार आहे, तिचं टोक पिवळ्या उष्णतारोधक टेपनं भागावर चिकटवायचं. इन्फ्रारेड गन असेल तर एक काळजी घ्या: चकचकीत धातूवर ती कमी आकडा दाखवते, म्हणून भागावर आधी काळ्या टेपचा तुकडा लावा. काहीच नसेल तर बोटाची उलटी बाजू चालते, पण ती फक्त सेलवर चालणाऱ्या यंत्राला. घरच्या विजेवर चालणाऱ्या किटला चालू असताना बोट लावू नका.

दुकानात कूलर चालू असूनही ३९ अंश होते. बूस्ट कन्व्हर्टर वीस मिनिटांत ८८ अंशांवर गेला. सगळ्यात गरम भाग तोच.

"मग हेच किट खराब आहे," भाची म्हणाली. "नवीन मागवू?"

मी नाही म्हटलं. या किटचं काम ओझं वाहायचं. हमाल घामाघूम झाला म्हणून हमाल बदलत नाहीत, पोत्यात काय भरलंय ते बघतात. शिवाय त्याचा स्वभाव असा, की सेल उतरत जाईल तसा तो अधिक प्रवाह ओढतो. वॅट तेवढेच द्यायचे आणि व्होल्ट कमी झालेले, मग अँपिअर वाढवल्याशिवाय भागत नाही. म्हणून खेळ जसा लांबतो तसा ताप चढतो.

मुका स्पीकर गरम का?

आता एकेक भाग सोडवायचा. आधी पडदा काढला, प्रवाह ०.१५ नं उतरला, तो हिशेबात होता. पडदा परत लावला आणि ॲम्प्लिफायरची वायर सोडवली. आकडा १.३१ वरून ०.७२ वर आला. कागदावरच्या बेरजेत आणि मीटरवरच्या आकड्यात आता फरक उरला नव्हता.

"पण आवाज तर बंद होता," भाची म्हणाली. "आणि स्पीकर नीट वाजतो."

मी ॲम्प्लिफायर परत जोडला आणि तिचं बोट स्पीकरच्या मागच्या चुंबकावर ठेवायला सांगितलं. स्पीकर गप्प होता आणि गरम होता. मग मीटर डीसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या दोन टोकांना लावला. गप्प असलेल्या स्पीकरवर डीसी शून्य हवा. मीटरवर २.४ व्होल्ट होते. स्पीकर चार ओहमचा. २.४ भागिले ४, म्हणजे ०.६ अँपिअर अखंड वाहत होते. जवळजवळ दीड वॅट त्या गप्प स्पीकरमध्ये, थोडे ॲम्प्लिफायरच्या आयसीमध्ये, थोडे बूस्ट कन्व्हर्टरमध्ये. हरवलेले दोन वॅट सापडले.

चूक एका वायरची होती. स्पीकरची एक वायर भाचीनं ॲम्प्लिफायरच्या अधिक टोकाला आणि दुसरी ग्राउंडला, म्हणजे किटच्या शून्य व्होल्टच्या टोकाला जोडली होती. ॲम्प्लिफायरचं उणे टोक मोकळंच होतं. जुन्या रेडिओत स्पीकरची एक वायर ग्राउंडलाच जायची. तिथे वाटेत मोठा कंडेन्सर असायचा, तो डीसी अडवायचा. या नव्या छोट्या आयसीत तो कंडेन्सर नसतो आणि त्याच्या उणे टोकाचा अर्थ ग्राउंड असा नसतो.

भाचीला मी ताकाच्या रवीचं उदाहरण दिलं. आजी रवीला दोरी गुंडाळून ताक घुसळायची, तेव्हा दोरीची दोन टोकं दोन हातांत असत. एक हात ओढतो तेव्हा दुसरा सैल सोडतो, आणि रवी फिरते. दोन्ही हातांनी सारखाच ताण धरला तर रवी जागच्या जागी उभी राहते. हा ॲम्प्लिफायर तसाच चालतो. गप्प असताना त्याच्या दोन्ही टोकांवर पुरवठ्याच्या निम्मे, म्हणजे सरासरी अडीच-अडीच व्होल्ट असतात. ताण दोन्हीकडे सारखा, म्हणून स्पीकरमधून काही वाहत नाही. भाचीनं दोरीचं एक टोक हातातून सोडून खाली जमिनीला बांधलं. मग उरलेल्या हाताचा ताण रवीला सतत एकाच बाजूला खेचत राहणार. आवाज येतो, पण पाव ताकदीचाच, आणि गप्प असतानाही वीज वाहते.

ती वायर ग्राउंडवरून काढून उणे टोकाला लावली. मीटरवर ०.७४ अँपिअर. आवाज पहिल्यापेक्षा मोठा आणि स्वच्छ. मार्चपासूनच्या तापाला एवढा एक टाका पुरला.

उरलेल्या दोन तक्रारी

एक कारण सापडलं की बाकीची तक्रार तिथेच संपली असं धरू नये. गेम मध्येच बंद पडत होता आणि खोक्याचा कोपरा वाकला होता. दोन्हींचं कारण हवं.

बंद पडण्यासाठी मी व्होल्ट कुठे गळतात ते पाहिलं. मीटर व्होल्टवर ठेवायचा आणि चालू यंत्रात स्विचच्या दोन टोकांना लावायचा. चांगल्या स्विचवर जवळपास शून्य दिसतो. दुरुस्तीआधी मी हे मोजून ठेवलं होतं. थंड असताना ०.१५ व्होल्ट, पंधरा मिनिटांनी ०.४, आणि तोही आकडा नाचणारा. भाचीनं बसवलेला सरकता स्विच अर्ध्या अँपिअरचा होता आणि त्यातून सव्वा अँपिअरच्या वर जात होता. स्विच तापला, त्याची आतली पत्ती ढिली पडली, पाच व्होल्टची लाइन क्षणभर खाली आली आणि संगणक पुन्हा सुरू झाला. मी तीन अँपिअरचा स्विच बसवला. सेलच्या वायरीही बदलल्या, कारण त्या ब्रेडबोर्डला वापरतात त्या केसासारख्या बारीक वायरी होत्या. जास्त प्रवाहाच्या वाटेवर वायर जाड आणि आखूड ठेवायची.

वाकलेल्या कोपऱ्याखाली चार्जिंग किट होतं. या किटची आयसी साध्या पद्धतीची आहे. केबलचे ५ व्होल्ट आणि सेलचे व्होल्ट यांतला फरक ती अंगावर घेते. सेल ३.५ वर असेल तर फरक दीड व्होल्ट, प्रवाह एक अँपिअर, म्हणजे दीड वॅट, आणि तो नखाएवढ्या जागेत. रिकामा सेल भरताना थोडा वेळ हे चालतं. पण इथे खेळाचा खर्च चार्जरपेक्षा जास्त होता, त्यामुळे सेल कधी वर चढलाच नाही आणि चार्जर तासन् तास पूर्ण जोरात चालत राहिला. खोकं पीएलए प्लॅस्टिकचं. ते साधारण ६० अंशांना मऊ पडतं. म्हणून कोपरा बसला.

इथे दोन बदल केले. चार्जिंग किटवर एक छोटा रेझिस्टन्स प्रवाह ठरवतो. तो १.२ किलोओहमचा होता, तिथे २ किलोओहमचा बसवला. त्यानं चार्जिंग १,००० ऐवजी ५८० मिलिअँपिअरवर आलं. सेल भरायला वेळ जास्त लागतो, ताप निम्म्याच्या जवळ येतो. दुसरा बदल म्हणजे एक मॉसफेट, एक शॉटकी डायोड आणि एक रेझिस्टन्स यांचा छोटा जोड. केबल लावली की गेमला वीज थेट केबलमधून जाते आणि सेल एकटा शांतपणे भरतो. तीनही भाग मिळून चहाच्या दोन कपांएवढा खर्च.

किट पूर्ण शॉर्ट असेल तर

भाचीचं यंत्र निदान चालत तरी होतं. कधी किट सुरूच होत नाही, नुसतं तापतं. अशा वेळी वीज बंद ठेवून ५ व्होल्टची लाइन आणि ग्राउंड यांच्यात मीटर लावा. बीप वाजली आणि ओहम शून्याच्या जवळ राहिले, तर कुठेतरी डेड शॉर्ट आहे. बोर्ड वाकल्यावर तडकलेला छोटा सिरॅमिक कंडेन्सर हे त्याचं नेहमीचं कारण. डोळ्यांना तो धडधाकट दिसतो.

तो शोधायला स्पिरिटची युक्ती आहे. सप्लायवर व्होल्ट एक ठेवा, प्रवाहाला हद्द घाला आणि बोर्डावर ब्रशनं आयसोप्रोपिल अल्कोहोलचा पातळ हात फिरवा. जो भाग तापतो तिथलं अल्कोहोल सगळ्यात आधी उडतं आणि तेवढी जागा कोरडी पडते. अल्कोहोल पेट घेतं, म्हणून खिडकी उघडी हवी आणि सोल्डरिंग आयर्न बंद हवी. डेड शॉर्टमध्ये मात्र तापणारा भाग बहुतेक वेळा खरोखर दोषी असतो. इतर वेळी तो दुसऱ्याचं ओझं वाहत असतो. हा फरक अनुभवानं कळतो आणि मीटरनं सिद्ध होतो.

उन्हाचा वाटा

भाचीचा पहिला प्रश्न होता: ताप उन्हाचा आहे की माझं चुकलंय? खरं उत्तर म्हणजे दोन्ही. एखादा भाग भोवतालच्या हवेपेक्षा ४० अंशांनी जास्त तापत असेल, तर डिसेंबरात २० अंशांच्या खोलीत तो ६० वर थांबतो आणि मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत ८० गाठतो. तेच यंत्र, तोच दोष, पण हिवाळ्यात तो लपून राहतो. निन्टेन्डो आपल्या स्विच या गेमसाठी ५ ते ३५ अंशांची हवा सांगते. विदर्भात मे महिन्यात घरातसुद्धा हवा त्यापुढे जाते. म्हणून आपल्याकडे घरी बनवणाऱ्यानं पहिल्या दिवसापासून उन्हाळा धरून चालावं. खोकं पीएलएऐवजी पीईटीजीचं काढावं, ते साधारण ८० अंशांपर्यंत टिकतं. चार्जिंग किट आणि सेल शेजारी शेजारी बसवू नयेत.

तापाची चूक मोठमोठ्यांकडूनही होते. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० हा गेम २००५ साली आला. समोरची तीन लाल लाइटं पेटून तो बंद पडू लागला. २००७ साली कंपनीला दुरुस्तीसाठी एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला ठेवावी लागली आणि वॉरंटी तीन वर्षांची करावी लागली. पुढे कंपनीच्या लोकांनीच सांगितलं, की वारंवार तापून थंड होण्यानं चिपमधले बारीक जोड तुटत होते. तेव्हा 'चालतंय ना, मग तापू दे' म्हणणाऱ्याला मी सांगते: प्रत्येक वेळी तापून थंड होताना सोल्डरचा टाका थोडा ताणला जातो, आणि एक दिवस सुटतो.

शेवटचे आकडे

दोन दिवसांनी भाची नवीन खोकं घेऊन आली. सगळं बसवून, झाकण लावून, त्याच ३९ अंशांच्या दुकानात आम्ही वीस मिनिटं गेम चालवला. बूस्ट कन्व्हर्टर ८८ वरून ६३ वर. प्रोसेसर ७१ वरून ६०, आणि तिनं कमी केलेला वेग पुन्हा पूर्ण केलेला. २,६०० मिलिअँपिअर-तासांचा सेल आधी कसाबसा पावणेदोन तास पुरायचा, आता तीन तास दहा मिनिटं चालला. प्रोसेसरवरचा हीटसिंक तिनं स्वतःच काढून डबीत ठेवला. हे सगळे आकडे मी तिच्याकडून वहीत लिहून घेतले. पुढच्या वेळी काही बिघडलं, तर धड असताना किती होतं ते माहीत असावं लागतं.

पालकांना माझी एक विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी घरात काही जुळवत असेल, यंत्र तापलं, बिघडलं, तर 'फेकून दे, नवीन आणू' म्हणू नका. चारपाचशे रुपयांचा मल्टिमीटर घेऊन द्या, वाळूची बादली शेजारी ठेवा, आणि जवळच्या दुरुस्तीच्या दुकानात एक दुपार बसू द्या. आमच्यातला कोणीही कारागीर शिकायला आलेल्या पोराला नाही म्हणणार नाही. आणि मुलांनो, पंखा किंवा हीटसिंक विकत घेण्याआधी कागद घ्या. किती वीज लागायला हवी ते लिहा, किती जाते ते मोजा. या दोन आकड्यांत फरक असेल, तर दोष त्या फरकात आहे, मग हात कुठेही भाजो.